मथुराबाईंची परीक्षा

यापुढे पास झालेल्या सुइणींनीच बाळंतपणे करावीत, असा हुकूम सुटला, तेव्हा धनाजीराव बडोद्याच्या आरोग्य खात्यात सुइणींच्या नेमणुका पाहत होते. परीक्षाही त्यांनीच घेतली. नदीपलीकडच्या अकोट्याच्या मथुराबाईंना अक्षरओळख नव्हती. अशांना तोंडी विचारायची मुभा होती आणि तोंडी त्या कोणालाही हार गेल्या नसत्या. पण धनाजीरावांची तिन्ही मुले मथुराबाईंच्याच हातची. आपल्या माणसाला झुकते माप दिले, असे कोणी म्हणायला नको, म्हणून त्यांनी मथुराबाईंना तोंडी न विचारताच नापास केले. बाळंतपण केल्यास शिक्षा होईल, हेही स्वतःच वाचून दाखवले. नवी सुईण नेमली ती शहरात राहणारी.

श्रावणात विश्वामित्रीला पूर आला आणि अकोट्यातली एक माळ्याची सून अडली. नवी सुईण नदीच्या अलीकडेच राहिली. घरच्यांनी मथुराबाईंचे पाय धरले, पण त्या उंबऱ्याबाहेर पडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पोर गेली, पोटातले बाळही गेले.

खात्याने नव्या सुइणीकडे जाब मागायचे ठरवले. तो कागद धनाजीरावांच्याच सहीने जायचा होता. त्यांच्याने सही होईना. पाणी ओसरताच ते अकोट्याला गेले. मथुराबाईंनी त्यांना बसायला पाट दिला.

"तुम्ही गेला असतात तर वाचली असती?" धनाजीरावांनी विचारले.

"मूल आडवं होतं म्हणतात. तशी मी फिरवलीत." त्या म्हणाल्या, "शिक्षेला भ्याले, ते पाप माझं. तुमचं तुम्ही बघा."

परत येऊन धनाजीरावांनी वरिष्ठांना लिहिले, की मुभा असून तोंडी परीक्षा मी घेतली नाही. दोष नव्या सुइणीचा नाही, माझा आहे. नेमणुकांचे काम त्यांच्याकडून गेले. मथुराबाई दुसऱ्या परीक्षकापुढे तोंडी पास झाल्या.

माघात धनाजीरावांची मुलगी सरोजिनी माहेरी बाळंत झाली, तीही मथुराबाईंच्याच हातून. बारशाला सगळे पाळण्याभोवती जमले. धनाजीराव ओसरीवरच उभे होते. त्यांना आत पाऊल टाकवेना. मथुराबाई बाहेर आल्या.

"माळ्याकडे गेला होता का?"

"नाही. धीर झाला नाही."

"माझ्याकडे येऊन काय उपयोग होता? जायचं तिथे जा."

धनाजीरावांनी पागोटे चढवले, जोडा पायात घातला आणि आत कोणाला न सांगता ते नदीच्या वाटेला लागले.