उभं राहताच घसरलेला पारा

मी पाऱ्यावर चालणारा, जुन्या घडणीचा रक्तदाबमापक. लोक मला नुसतं बीपीचं मशीन म्हणतात. करड्या पत्र्याची पेटी, झाकणाला उभी काचेची नळी, नळीत चकचकीत पारा, दंडाला गुंडाळायचा कापडी पट्टा आणि हवा भरायचा रबरी फुगा, एवढाच माझा देह. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलंही नसेल. आता बटण दाबलं की आकडे दाखवणारी यंत्रं निघाली आहेत.

भोसरीच्या एका छोट्या कारखान्यात माझी जुळणी झाली. देशात नव्या कंपन्यांचे वारे वाहू लागले होते त्या सुमारास डॉक्टर मंदाकिनी रानडे यांनी येरवड्यात दवाखाना थाटला आणि मला आपल्या टेबलावर जागा दिली. बाई जिभेने तिखट, पण हाताने हलक्या. माझा पट्टा त्या असा बांधत की म्हाताऱ्या माणसाच्या कातडीवर वळसुद्धा उठत नसे. रिक्षावाले, तुरुंगातले शिपाई, शाळेतल्या बाई, सगळ्यांचे दंड मी धरले. "बाईंचं मशीन खोटं बोलत नाही," असं लोक म्हणायचे, तेव्हा मी मनातून फुलून जायचो.

याच दवाखान्यात मी दीपालीला लहानाची मोठी होताना पाहिलं. तिचे वडील भीमराव टपाल खात्यात होते, आई शालनताई घर सांभाळून शिवणकाम करायच्या. दीपाली कॉम्प्युटर इंजिनिअर झाली आणि हडपसरच्या आयटी पार्कात नोकरीला लागली, तेव्हा भीमरावांनी सगळ्या दवाखान्याला पेढे वाटले. त्यांच्या सगळ्या नात्यागोत्यात कंपनीचं ओळखपत्र गळ्यात घालणारी ती पहिलीच मुलगी.

नोकरीचं दुसरं वर्ष सरताना ती बाईंसमोर येऊन बसली. म्हणाली, "मॅडम, चक्कर येते. जेवण नकोसं वाटतं, पोटात सारखं ढवळतं. आणि थकवा इतका की केस विंचरताना हात खाली ठेवावा लागतो."

बाईंनी तिला खुर्चीत बसवून माझा पट्टा बांधला. पारा जरासा खालच्या अंगाला थांबला, पण काळजी करावी इतकाही नव्हता. बाई म्हणाल्या, "बीपी ठीक आहे. कंपनीत चहावर जगत असशील. वेळेवर जेव." त्यांनी पित्ताच्या आणि रक्तवाढीच्या गोळ्या लिहून दिल्या.

गोळ्या संपल्या, त्रास संपला नाही. मग त्या मुलीची वणवण सुरू झाली. पोटाच्या डॉक्टरांनी घशातून नळी घालून पाहिलं, काही सापडलं नाही. कानाच्या डॉक्टरांनी मान वळवायचे व्यायाम दिले. एका मोठ्या रुग्णालयात तिला विचारलं, "प्रेमभंग वगैरे?" आणि झोपेच्या गोळ्या दिल्या. ऑफिसातला टीम लीडर म्हणाला, "टेन्शन सगळ्यांनाच आहे, दीपाली. आपण काय चक्कर येऊन पडतो का?" दरम्यान कपडे तिच्या अंगावर लोंबू लागले होते.

आणखी एक गोष्ट झाली होती. तिचा रंग काळवंडला होता. उन्हात फिरतेस, बसस्टॉपवर उभी राहतेस, असं जो तो म्हणे. बिबवेवाडीच्या एका स्थळाने तर तोंडावर सांगितलं की मुलगी फोटोतल्यापेक्षा फारच सावळी निघाली. ते शब्द शालनताईंच्या काळजाला लागले. त्यांनी गोरं करणारं क्रीम आणलं आणि रोज सकाळी लेकीला समोर बसवून स्वतःच्या हाताने तिच्या चेहऱ्याला चोळू लागल्या. हे सगळं शालनताई दवाखान्यात येऊन डॉक्टर बाईंना सांगत आणि मी टेबलावरून ऐकत असे. दोन-तीनदा दीपालीलाही त्या घेऊन आल्या. दर वेळी ती खुर्चीत बसली, दर वेळी पारा तसाच जेमतेम जागी थांबला.

मग तो दिवस आला. भीमराव आणि शालनताई तिला दोन्ही बाजूंनी धरून घेऊन आले. सकाळपासून उलट्या होत होत्या, खुर्चीत बसणंही तिला जमेना. बाईंनी तिला तपासायच्या टेबलावर आडवं केलं आणि मला शेजारच्या स्टुलावर ठेवलं. आडवं असताना पारा कमी होता, पण होता. तेवढ्यात दीपाली पुन्हा उलटी होईल म्हणून धडपडत उठली, खाली उभी राहिली आणि झोकांड्या खाऊ लागली. पट्टा तिच्या दंडाला तसाच होता. बाईंना काय वाटलं कोण जाणे. त्या ओरडल्या, "भीमराव, तिला उभी धरा! हलू देऊ नका!" आणि त्यांनी फुगा दाबला.

मित्रांनो, इतक्या वर्षांत मी असं कधी अनुभवलं नव्हतं. पारा खाली येत राहिला, येतच राहिला. बाई कानात स्टेथोस्कोपच्या नळ्या घालून ठोका ऐकण्याची वाट पाहत होत्या आणि ठोका येतच नव्हता. आला तेव्हा पारा इतका खाली होता की बाईंना मीच बिघडलो असं वाटलं. त्यांनी घाईने पट्टा सोडला आणि भीमरावांच्या दंडाला बांधला. त्यांचा रक्तदाब नेहमीसारखाच आला. पुन्हा दीपालीला बांधला. पुन्हा पारा घसरला.

बाईंनी कानातल्या नळ्या काढल्या. "हिला मी कधी उभी करून पाहिलंच नाही," त्या स्वतःशीच पुटपुटल्या.

त्यांनी दीपालीला परत झोपवलं आणि तिचा तळहात खिडकीच्या उजेडात धरला. हातावरच्या रेषा शाईने गिरवल्यासारख्या काळ्या दिसत होत्या. मग ओठ वर करून पाहिलं. हिरड्यांवरही काळसर डाग.

"शालनताई, ही मीठ जास्त खाते का?"

"जास्त?" शालनताई गोंधळल्या. "अहो मॅडम, लोणच्याचा खार वाटीने पिते! मी रागावते तर चोरून मीठ चाटते. पण त्याचं काय?"

"हिरड्यांना ऊन लागत नाही, ताई. हा रंग उन्हाचा नाही. हा आजार आहे."

शालनताईंनी लेकीचा तळहात स्वतःच्या हातात घेतला. "आजार? आणि मी तिला क्रीम चोळत बसले होते?"

त्यांना उत्तर द्यायला कुणाला वेळ नव्हता. दीपालीचे डोळे मिटत चालले होते, हात बर्फासारखे गार पडले होते. बाईंनी दवाखाना तसाच उघडा टाकला. रिक्षात दीपालीला आडवी घातली. माझा पट्टा तिच्या दंडालाच राहिला होता, म्हणून बाईंनी माझी पेटी मांडीवर घेतली. असा मी आयुष्यात पहिल्यांदा रुग्णालयात गेलो.

तिथला तरुण डॉक्टर म्हणाला, "बाहेरचं काही खाल्लं असेल. रक्त तपासू, मग ठरवू."

"रक्त जरूर घ्या," बाई म्हणाल्या. "पण सलाइन आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन आत्ता द्या. रिपोर्टची वाट बघत बसलात, तर रिपोर्ट दाखवायला पेशंट उरणार नाही."

त्याने एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा दीपालीकडे, आणि तो औषधाच्या कपाटाकडे धावला.

बाई थोड्या थोड्या वेळाने फुगा दाबत होत्या. आधी काहीच फरक नव्हता. मग पारा किंचित वर थांबला. मग आणखी थोडा. मी धातूचा आणि काचेचा, पण तेव्हा मला रडता आलं असतं तर मी रडलो असतो. संध्याकाळी दीपालीने डोळे उघडले आणि म्हणाली, "आई, भूक लागलीय." कित्येक महिन्यांत तिने हे शब्द उच्चारले नव्हते. शालनताई पदर तोंडात कोंबून भिंतीकडे वळल्या.

तपासण्यांनी बाईंची शंका खरी ठरवली. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन इवल्या ग्रंथी असतात. शरीरातलं मीठ आणि रक्तदाब त्या सांभाळतात. त्या निकामी झाल्या की शरीरातलं मीठ निघून जातं, उभं राहताच रक्तदाब कोसळतो आणि कातडी काळवंडते. दीपालीच्या त्या ग्रंथी क्षयाच्या जंतूंनी पोखरून टाकल्या होत्या. या आजाराला अ‍ॅडिसनचा आजार म्हणतात.

क्षय हा शब्द ऐकताच भीमराव हादरले. दीपाली लहान असताना त्यांना क्षय झाला होता. औषधं घेऊन ते खडखडीत बरे झाले होते आणि ती गोष्ट विसरूनही गेले होते. "म्हणजे माझ्यामुळे, मॅडम? माझ्या पोरीला मीच..."

"जंतू नावाची पाटी लावून फिरत नाही, भीमराव," बाई म्हणाल्या. "कुठून आला हे तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही. ती माझ्या खुर्चीत इतक्यांदा बसली, तरी मला कळलं नाही. आपण दोघंही आता तिच्या गोळ्यांकडे लक्ष देऊ."

क्षयाची औषधं ठरलेल्या मुदतीने संपली. ग्रंथींचं काम करणाऱ्या गोळ्या मात्र तिला जन्मभर घ्याव्या लागणार होत्या. तिने ते मान्य केलं आणि पुन्हा कामावर रुजू झाली. हळूहळू तिचा मूळचा रंग परतला. ते पाहून बिबवेवाडीच्या स्थळाकडून पुन्हा निरोप आला. भीमरावांनी फोनवर एवढंच सांगितलं, "आपण रंग बघून गेलात तेव्हा आमची मुलगी मरायला टेकली होती. आता ती बरी आहे आणि फार कामात आहे." आणि फोन ठेवला.

पुढे पारा विषारी म्हणून आम्हाला दवाखान्यांतून निरोप मिळू लागला. बाईंनीही नवं यंत्र घेतलं. मी कपाटात गेलो, ते योग्यच झालं. फक्त मला कचऱ्यात फेकू नका. माझी नळी फुटली तर तो पारा माती नासवेल, पाणी नासवेल. मला जाणत्या माणसाच्या हाती सोपवा.

परवा कपाटाचं दार उघडं होतं, तेव्हा दीपालीचा आवाज कानावर आला. गोळ्या लिहून घ्यायला ती आली होती. बाईंनी तिला विचारलं, "तेव्हा सगळ्यात जास्त भीती कशाची वाटायची गं?"

तिने गोळ्यांची चिठ्ठी घडी घालून पर्समध्ये ठेवली. मग म्हणाली, "मॅडम, सगळे सांगायचे की तुला काहीच झालेलं नाही. शेवटी शेवटी मलाही ते पटायला लागलं होतं."

मित्रांनो, ते ऐकून मला पारा घसरला त्या दिवसासारखाच धक्का बसला. तुमच्या घरात, वर्गात कुणी म्हणालं की मला बरं वाटत नाही, तर आमच्यासारख्यांचे आकडे जरूर बघा. पण आकडा चांगला आला म्हणून त्या माणसाला खोटं ठरवू नका. त्याच्याजवळ थोडं बसा आणि त्याला आणखी एकदा विचारा.