हात लावायचा नाही

मी रंगारी होतो. रंगाऱ्याला गिऱ्हाइकाने काहीही विचारलं तरी उत्तर एकच: होईल. भिंतीला ओल असली तरी होईल, उद्याच्या उद्या हवं असलं तरी होईल. सोबतचे मला होईलराव म्हणायचे. परांचीवरून पडलो, मणका मोडला, कमरेखालचं सगळं गेलं, पण ही खोड काही गेली नाही.

त्याच खोडीने मदतनिसाच्या भत्त्याचा पहिला अर्ज बुडवला. सरकारी तपासणीत विचारलं, कपडे स्वतः घालता? म्हटलं, होतं. अंथरुणातून खुर्चीत? होतं. खोटं बोललो असं वाटलंही नाही. कपडे अंगावर होते, मी खुर्चीत होतो. मधलं सगळं बायको करते, आणि इतकं चटकन करते की माझ्याही लक्षात येत नाही. त्या दिवशीही तिने माझी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट चढवून मला नेलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हा तिचा बाणा. महिन्याने पत्र आलं: मदतनिसाची गरज दिसत नाही.

गरज खरं तर तिलाच होती. दर तीन तासांनी ती मला या कुशीवरून त्या कुशीवर करते, नाहीतर पाठीला जखमा होतात. दोन वर्षांत तिची कंबर धरली. आता वाकताना ती भिंतीचा आधार घेते. मदतनिसाचा भत्ता मंजूर झाला नाही, तर एक दिवस तीही आडवी होणार आणि मग आम्ही दोघं एकमेकांकडे बघत पडून राहणार. हे मला कळत होतं. वाईट वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं, एवढंच.

फेरतपासणी एकदाच मिळते. शेजारचे निवृत्त कारकून येऊन बायकोला म्हणाले, "वहिनी, तिथे याला हात लावायचा नाही. काहीही झालं तरी."

"काहीही म्हणजे?"

"पडला तरी."

"पडल्यावर उचलायला नको?"

"मग बसा जन्मभर उचलत."

फेरतपासणीच्या दिवशी तिने माझी दाढी केली नाही.

तपासणीच्या खोलीत एक टेबल, वजनाचा काटा आणि भिंतीशी बाक होतं. बायको बाकावर बसली, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खुर्ची जरा पुढे घ्या." मी चाकं ढकलून पुढे झालो.

"आंघोळ स्वतः करता?"

होईल अगदी ओठावर आलं होतं. गिळलं. "नाही जमत."

"कपडे?"

"नाही."

"कूस बदलणं?"

"नाही. ही बदलते."

जुना रंग खरवडला की खालची भिंत जशी दिसते, तसा मी तिथे दिसत होतो. लाज वाटली. बऱ्याच दिवसांनी काहीतरी वाटलं, ते हे.

डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता थांबल्या. टेबलाच्या बाजूने त्यांनी खाली पाहिलं. बायको अर्धवट उठली आणि पुन्हा खाली बसली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"तुमचा उजवा पाय कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"खुर्चीच्या पट्टीवर."

"बघा."

पाय पट्टीवरून घसरला होता. चप्पल मागे राहिली होती आणि अंगठा पुढच्या लहान चाकाखाली होता. नख उचकटलं होतं, फरशीवर रक्त आलं होतं. खुर्ची हलवण्याआधी पाय नीट ठेवण्याचं कामही तिचंच, हे मला तेव्हा कळलं.

डॉक्टरीणबाई बायकोकडे वळल्या. "तुम्हाला दिसत होतं?"

"हो."

"मग?"

"हात लावायचा नव्हता," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "आता लावा."

बायको उठली. जवळ भिंत नव्हती, म्हणून माझ्या गुडघ्याला धरून हळूहळू खाली बसली. खुर्ची मागे सारली, रुमालाने रक्त टिपलं आणि अंगठा मुठीत धरून ठेवला.

"दुखलं का?" तिने विचारलं. दोन वर्षांत हे तिने एकदाही विचारलं नव्हतं. उत्तर तिला माहीत होतं.

"हो," मी म्हणालो. "थोडंसं."

डॉक्टरीणबाईंनी वर पाहिलं. तेवढं त्यांनी लिहून घेतलं नाही. मदतनिसाच्या रकान्यात खूण केली आणि खाली सही केली.