सकाळी न पेटणारा गिझर

गुरुप्रसाद मुंबईहून आला तोच परतीची दोन तिकिटं काढून. एक त्याचं, एक आईचं, आनंदीचं. थंडीत तिला गावी एकटं ठेवायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

गेल्या वर्षी चुलीवरचं उकळतं पाणी न्हाणीत नेताना आनंदी घसरून पडली होती आणि मनगट मोडून बसली होती. तेव्हा मुलाने पडवीत, न्हाणीच्या भिंतीला बाहेरून, गॅसचा गिझर बसवून दिला आणि बजावलं, "आये, जवसर हो गिझर चलता तवसर हय गावात, कुणकेश्वरात रव. नायतर चल माझ्यावांगडा मुंबैक."

थंडी पडली आणि गिझर नेमका सकाळी रुसू लागला. नळ सोडला की पाणी धो धो यायचं, पण ठिणगीची टकटक नाही की ज्योत नाही. दुपारी मात्र काही झालंच नाही अशा थाटात पेटायचा. आनंदीने कुणाला सांगितलं नाही. गुपचूप चूल पेटवायची आणि तपेलं दोन्ही हातांनी धरून भिंतीच्या कडेने जायची. मुलाने आल्यावर पहिल्याच सकाळी तिला तशी पकडली.

देवगडहून सिद्धेश मेकॅनिक आला, पण भर दुपारी. त्याने नळ सोडला आणि गिझर भप्पकन पेटला.

"काकीनू, माझी चेष्टा करतास काय?"

"सकाळी ये मरे! सकाळी पेटाक नाय," आनंदी म्हणाली.

सिद्धेशने जोडांना साबणाचा फेस लावून गळती तपासली आणि झाकण काढून दाखवलं. पाण्याच्या जोराने एक बारीक पिन पुढे सरकते, ती टकटक सुरू करते आणि गॅसचा व्हॉल्व्ह उघडते. "पिन सरकाक नाय तर गॅस येवचो नाय. व्हॉल्व्ह गेलो असतलो. नवो कोल्हापूरसून मागवूक होयो."

"नको मागवू," गुरुप्रसाद म्हणाला. "उद्या आमी दोघांय जातंव."

आनंदी मनातल्या मनात एकेक गोष्ट तपासत गेली. गिझरचे सेल तिने आधीच बदलले होते. सिलिंडर शेगडीला जोडून पाहिला होता, तो व्यवस्थित जळत होता. पाण्याला जोर होता. राहिली ती पिन. पण बिघडलेली वस्तू सकाळी बिघडते आणि दुपारी सुधारते, हे काही तिच्या डोक्यात शिरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती केस विंचरायला बसली. खोबरेलाची बाटली उलटी केली, तेल हलेना. पांढरं, घट्ट. थंडीतलं रोजचंच. बाटली चुलीजवळ धरायची म्हणून ती उठली, आणि अर्ध्यावरच थांबली.

दिवाळीच्या साफसफाईत तिने घरातल्या सगळ्या लोखंडाला तेल लावलं होतं. कोंबडीचं पीस बुडवून बिजागऱ्यांना, कड्यांना, विहिरीच्या रहाटाला. खारा वारा लोखंड खातो, म्हणून तिचे मालक दाजी दरवर्षी लावायचे. ते गेल्यावर ती लावते. यंदा गिझरचं झाकण काढून त्या पिनेलाही चांगलं चोपडलं होतं. खोबरेल.

तिने सिलिंडर बंद केला, झाकण काढलं आणि गरम पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं पिनेवर दाबून धरलं. गुरुप्रसाद चहाचा कप घेऊन पडवीत आला.

"ह्या काय? शेकतंस तेका? गिझराची कंबर धरली काय?"

"धरली हुती. आता सुटतली."

"आये, गॅसचा काम आसा ता!"

"गॅस बंद आसा. माका पण माझो जीव प्यारो आसा. बाजूक हो."

फडक्याला मेणासारखा पिवळट थर लागला. तिने पिन पुन्हा पुन्हा पुसली, कोरडी केली. मग सिलिंडर चालू करून, सिद्धेशने दाखवल्यासारखा, जोडांना साबणाचा फेस लावला. एकही बुडबुडा आला नाही. तिने नळ सोडला.

टक, टक, टक. भप्प!

निळी ज्योत उभी राहिली. गुरुप्रसाद आधी हसला, मग त्याचा चेहरा बदलला.

"म्हंजे तेल तूच घातलं हुतंस? तूच बिघडवलंस?"

गप्प बसता आलं असतं. आनंदी गप्प बसली नाही.

"होय, मीच. बिघडवलंय मी, शोधलंय मी आणि दुरुस्त पण मीच केलंय."

"आणि उद्या दुसरा काय बिघडला तर?"

"तर दुसरा बघीन. परत चुकान, परत बघीन. चुकी झाली म्हणान माणूस घर सोडता काय रे? तुझ्या थंय तर माका चूक करूक पण कोण देवचो नाय. बसवन ठेवतलास सोफ्यार."

"मी तुझ्या बऱ्यासाठीच..."

"ठाऊक आसा माका. म्हणान तर इतके दिवस ऐकलंय."

न्हाणीतून पडवीत पाण्याची वाफ येऊ लागली होती. आनंदीने खुंटीवरचा पंचा काढून त्याच्या खांद्यावर टाकला.

"जा, न्हावन घे. पाणी गरम आसा. तुका एकट्याक गाडी गाठूची आसा मरे?"