गाऱ्हाण्यात विकलेलं घर

सहदेव परबाला घर विकायचं होतं, पण पाडू द्यायचं नव्हतं. आता बोरिवलीत, शहाऐंशी साली, नदीकाठची जागा विकायची आणि वर घर पाडू नका म्हणायचं, म्हणजे खाटकाला बोकड विकायचा आणि सांगायचं, याला रोज जरा फिरवून आण हां.

घर मात्र झकास. इंग्रजांच्या टायमाला कुणा गोऱ्या इंजिन डायवरनं बांधलेलं. पुढं व्हरांडा, छपराला लाकडाची कातीव झालर, खिडक्यांना लाल-निळ्या काचा. आणि भिंतीत शेकोटी! बोरिवलीत शेकोटी! जिथं माणूस पौषातसुद्धा बनियनवर बसतो, तिथं. तिच्यात कोंबडी अंडी घालायची.

सहदेवाची बायको रुक्मिणी या घराला विटलेली. नदी तीनदा आत येऊन गेली होती. मागल्या पुरात हिची परात वाहत थेट दहिसरात. मुलगा मुलुंडला तिसऱ्या माळ्यावर राहायचा. "माका झिलाकडे व्हरा," ती म्हणायची. "नदी काय जिनो चढूची नाय."

मग एजंट नंदकिशोरनं पेपरात जाहिरात दिली. 'नदीकिनारी, इंग्रजकालीन, टुमदार कॉटेज. थंड हवा.' हवा थंड होती खरी, पण तबेल्यावरून यायची. तीन बिल्डर येऊन गेले. एकानंही घराकडं मान वर करून बघितलं नाही, नुसती पावलं टाकत जागा मोजली. सहदेवानं तिघांना चहा न पाजता वाटेला लावलं.

चौथा आला जयवंत सावंत. मूळचा कुडाळचा, अंधेरीला खानावळ. यानं झालरीवरून हात फिरवला, लाल काचेतून नदी बघितली, निळ्या काचेतून बघितली. सहदेव लोण्यासारखा विरघळला.

"पाडूचंस नाय मा?" त्यानं विचारलं.

"घर माजा झाला काय माका व्हया ता करतलंय," जयवंत म्हणाला. "पाडीन, नायतर डोक्यार घेवन नाचान. तुका कित्याक व्हया?"

झालं. दोन मालवणी. एक शब्द मागतोय, दुसरा देत नाय. नंदकिशोरला घाम फुटला. "अरे यार, हां बोलून टाका ना!" पण नाय.

तेव्हा सहदेवाच्या डोक्यात किडा वळवळला. तो हळूच म्हणाला, "बयाण्याच्या आधी राखणदाराक नारळ ठेवूक व्हयो. जागा हात बदलता, तेका सांगूक नको?"

याला कोकणातला माणूस नाय म्हणूच शकत नाय. जागेची राखण करणारा देव तो. एकानं गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे देवाला मोठ्यानं साकडं, बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'होय म्हाराजा' म्हणायचं. आणि म्हटलं की बांधलं गेलं! बारशापासून तोंडाला ती सवय. डोक्याला विचारायचं कामच नाय. जयवंतानं चपला काढल्या. नारळ ठेवला. रुक्मिणीसकट चौघं हात जोडून उभे.

"बा देवा म्हाराजा!" सहदेवानं सुरुवात केली. "ह्या जागेच्या राखणदारा!"

"होय म्हाराजा!"

"आज ह्यो नारळ तुका ठेवलेलो आसा, तो मान्य करून घी!"

"होय म्हाराजा!"

"जयवंताच्या खानावळीक बरकत दी!"

"होय म्हाराजा!" इथं जयवंताचा आवाज नदीपलीकडं गेला.

"आणि ह्यो जयवंत ह्या घराचो एक वासो हलवचो नाय!"

"होय म्हाराजा!"

म्हणून झाल्यावर जयवंताचा जबडा उघडाच राहिला. "फशिवलंस माका!"

"मी खंय? शबूद तू दिलंस. राखणदाराक!"

जयवंत लालबुंद. नारळाकडं बघतो, सहदेवाकडं बघतो. मग त्यानं स्वतःच हात जोडले. "बा देवा म्हाराजा! गाऱ्हाणा अजून संपूक नाय!"

"होय म्हाराजा!" सहदेवाचं तोंड बोलून गेलं.

"ह्या घराची कौलां दर वर्सा मे म्हयन्यात ह्यो सहदेव मुलुंडसून येवन सोता परततलो!"

"होय म्हाराजा!"

सहदेवानं आपल्याच तोंडावर हात मारला. दर पावसाळ्याआधी छपरावर चढून सगळी कौलं काढून पुन्हा बसवायची! आता काय उपयोग? मग दोघं पेटलेच. "जयवंत तेव्हा माका सुरमयचा जेवण घालतलो!" "होय म्हाराजा!" "सहदेव पुराच्या चिखलाची राड पण काढतलो!" "होय म्हाराजा!" "जयवंत पण माझ्यावांगडा राड काढतलो!" "होय म्हाराजा!" नंदकिशोर बिचारा अर्थ न कळता प्रत्येकाला मान डोलावून होय म्हणतोय.

"सहदेवाची बायल सोलकढी..."

"ओ म्हाराजा!" रुक्मिणी कडाडली. "माका मधी घेवचा नाय! बा देवा, हे दोनय येडे आता गप बसतले आणि सही करतले!"

"होय म्हाराजा!" तिघंही एका दमात.

सही झाली.

पुढल्या मे महिन्यात मुलुंडचे दोन गुडघे कुरकुरत छपरावर चढले. खाली शिडी धरून खानावळवाला.

"एक जरी कौल फुटला तर राखणदार तुका इचारतलो हां!" तो ओरडला.

"तू आधी शिडी बरी धर रे," वरून सहदेव. "मी पडलंय तर पुढच्या वर्साक तुकाच चढूचा लागतला."