फोन म्हणजे फोन

वार्सितोचा फोन दुपारी मरतो, हे सेमारांगच्या त्या नाक्यावर लहानथोरांना ठाऊक होतं. नाक्यावर बू सार्तीची कॉफीची टपरी, आणि टपरीसमोर मोटरसायकली लावून ऑर्डरीची वाट बघणारे दहाबारा जण. ॲपवर सवारी आली की सवारी पोचवायची, जेवण आलं की जेवण. वार्सितोचा फोन सकाळी गच्च भरलेला असायचा, चार फेऱ्या होईतो अर्ध्यावर यायचा, आणि गावाला भूक लागते नेमक्या त्या वेळी मान टाकायचा. मग स्वारी टपरीच्या भिंतीतल्या एकुलत्या एका प्लगला चिकटून बसायची आणि बाकीच्यांच्या फोनवर टुणटुण ऑर्डरी यायच्या त्या ऐकत राहायची.

“गेला का बिचारा?” बू सार्ती विचारायची. “मयताचं तिसऱ्या दिवसाचं जेवण कधी घालताय, पाक वार्सितो? भात मी रांधीन, कोंबडी तुमची.”

सगळे खिदळायचे. वार्सितोही हसायचा. नवा फोन घेणं त्याला झेपणारं नव्हतं, या मॉडेलच्या बॅटऱ्या बाजारात मिळायच्या त्या नकली, महिन्यात पावासारख्या फुगणाऱ्या. खिशातल्या जादा बॅटरीची वायर लावावी तर फोनचं भोक सैल झालेलं, खड्डा आला की वायर बाहेर. माणूस सवयीनं कशालाही हसतो, तसा तो हसत होता. पण निंग्रुमचे दिवस भरत आले आणि त्याचं हसणं बंद झालं.

निंग्रुम त्याची पोटची मुलगी नव्हे. तिच्या आईशी त्यानं लग्न केलं तेव्हा पोरगी दोन वेण्या घालून शाळेत जात होती आणि त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही. पुढे बघायला लागली, बोलायला लागली, आणि एक दिवस न सांगता ‘बापाक’ म्हणायला लागली. आई वारली, पोरीचं लग्न झालं, ती नवऱ्याबरोबर वरच्या टेकडीवरच्या वस्तीत राहायला गेली. हा खाली समुद्राकडच्या वस्तीत एकटा. तरी रोज सकाळी तिचा निरोप यायचाच, जेवलात का म्हणून.

पोटुशी राहिली तेव्हा तपासणीत कळलं की तिचं रक्त निगेटिव्ह आहे. जावातल्या माणसांत हे रक्त शोधून सापडत नाही, रक्तपेढीतही शिल्लक नसतं. जावई सेत्यो हवालदिल झाला. आणि मग निघालं की वार्सितोचंही रक्त तेच, गटसुद्धा तोच. त्याला ते तरुणपणापासून माहीत होतं, अडल्यानडल्याला तो देतही आला होता, पण त्याचा असा उपयोग होईल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. अख्ख्या वस्तीत बातमी झाली. ज्या बायका इतकी वर्षं ‘सावत्र, सावत्र’ म्हणून कुजबुजायच्या त्याच म्हणायला लागल्या, बघा, देवानं बाप निवडूनच दिला होता. वार्सितोची छाती अशी फुगली की जाकिटाची चेन लागेना.

डॉक्टरीण बाईंनी मात्र बजावलं. “यांनी आत्ताच एका बाईला रक्त दिलंय. पुन्हा देण्याची मुदत बाळंतपणाच्या तोंडावर भरते, त्याआधी घेता येणार नाही. म्हणून कळा सुरू झाल्या की पहिलं काम, यांना रक्तपेढीत पाठवा. काढलं आणि चढवलं असं होत नाही, तपासण्यांत अर्धा दिवस जातो. तुम्ही फोन चालू ठेवा, काय?”

“यांचा फोन?” सेत्यो म्हणाला आणि त्याला हसू आलं.

निंग्रुमनं नवऱ्याला कोपर मारलं. पण घरी जाताना तीच हळूच म्हणाली, “बापाक, खरंच बघा हं काहीतरी. दुपारी काही झालं तर तुम्हाला शोधायचं कुठे?”

“तू पोटातल्याची काळजी कर. फोनचं मी बघतो.”

त्या रात्री त्याला नीट झोप लागली नाही. फोनचा काळा पडदाच डोळ्यांसमोर येत राहिला.

टपरीवरच्या एकानं बोवोचं नाव सांगितलं. बोवो मोबाइल बाजाराच्या मागच्या गल्लीत बसायचा. टक्कल पडलेला, डोळे चुरचुरणारा, आणि मेलेल्या फोनांत जीव आणण्यात तरबेज. जगभरच्या अशाच डोळे फोडून घेणाऱ्यांशी त्याच्या गप्पा चालायच्या, कुणाचा फोन एका चार्जवर किती चालला याच्या पैजा लागायच्या.

“रूट करावा लागेल,” फोन उलटासुलटा करत तो म्हणाला. “आत्ता तुम्ही या फोनचे भाडेकरू आहात, पाक. खिळा ठोकायचा तरी कंपनीला विचारा. रूट केला की मालक तुम्ही. मग आतली फुकट खाणारी सगळी बाहेर काढता येतात.”

“आणि ऑर्डरीचं ॲप? रूट केलेला फोन ते ओळखतं म्हणे. अकाउंट कापतात.”

“त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधतो. माझ्याकडून गेलेला एकही अजून कापला नाही.” बोवोनं फोन संगणकाला जोडला. “मुख्य रोग सांगू का? तुम्ही फोन खिशात टाकता, तुम्हाला वाटतं झोपला. तो झोपत नाही. हे ॲप उठवतं, ते ॲप उठवतं, रात्रभर बाळ रडणाऱ्या घरासारखं. मी सगळ्यांना गाढ झोपवतो. तुम्ही स्वतः उघडलंत तरच ॲप उठेल, आपणहून नाही. मग बघा बॅटरी. आता बोला, जागं कोणाला ठेवायचं? जितके कमी, तितकं बरं.”

वार्सितोनं फार विचार केला नाही. एवढ्यासाठीच तर तो आला होता.

“ऑर्डरीचं ॲप. आणि फोन. फोन आला की कसल्याही परिस्थितीत वाजला पाहिजे. माझी पोरगी बाळंत व्हायचीय.”

“फोन म्हणजे फोनच ना?”

“म्हणजे काय? फोन म्हणजे फोन!”

बोवोनं मान डोलावली आणि कामाला लागला. त्यानं विचारलं होतं, याच्याहून जास्त त्यानं काय करायचं? आणि वार्सितोनं तरी काय चुकीचं सांगितलं? त्या गावात ‘फोन कर’ म्हटलं की माणूस व्हॉट्सॲपच उघडतो. साध्या फोनला लागणारे पैसे सिममध्ये भरतो कोण? साधा फोन वाजतो तो लुबाडणाऱ्यांचा, नाहीतर वसुलीवाल्यांचा. बोवो मात्र यंत्रांच्या भाषेतला माणूस. त्याच्या लेखी फोन म्हणजे सिमवरून येतो तो. तो त्यानं इमानानं जागा ठेवला. बाकी सगळ्यांबरोबर व्हॉट्सॲपही गाढ झोपी गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वार्सितोनं निंग्रुमला व्हॉट्सॲपवर निरोप टाकला, बरी आहेस ना? तिचं उत्तर लगेच आलं, बरी आहे, जेवून निघा. त्यानं ॲप मिटलं, फोन हँडलच्या पकडीत बसवला आणि बाहेर पडला.

काय दिवस होता तो! अकाउंट नुसतं गाचोर झालं होतं. गाचोर म्हणजे खरं तर पिंजऱ्यातला पक्षी तोंड न मिटता गाऊ लागतो ते, पण हे लोक ऑर्डरींचा पाऊस पडला की तेच म्हणतात. एक पोचवतोय तोवर दुसरी. शाळेतली बाई, मग बँकेतला साहेब, मग मासळी बाजारातून बर्फातले मासे. आणि बॅटरी? उतरायला तयारच नाही! प्रत्येक सिग्नलला तो आधी कोपऱ्यातला आकडा बघायचा. निरोपाची खूण एकही नव्हती, आणि त्याचाही त्याला आनंदच होता. काही नाही म्हणजे पोरगी ठीक आहे. दुपार झाली, रस्त्यावर साटेंचा, काडीवर भाजलेल्या मांसाचा, धूर पसरला, रोज याच वेळी तो प्लगपाशी चुलीशी बसल्यासारखा बसलेला असायचा. आज तो टपरीवरून न थांबता गेला आणि जाता जाता बू सार्तीला ओरडून म्हणाला, “कोंबडी वाचली!”

त्याच सुमाराला फोन वाजला. साधा फोन, अनोळखी नंबर. मागे सवारी बसलेली, पुढे ऑर्डर टुणटुणत होती. “मेल्यांनो, दुसरा कोणी सापडत नाही का?” असं पुटपुटत त्यानं अंगठ्यानं तो कापला. पुन्हा वाजला. पुन्हा कापला.

उन्हं कलली तेव्हा त्यानं एका भिंतीच्या सावलीत गाडी लावली. आकडा अजून निम्म्याच्या वर होता. त्याला निंग्रुमची आठवण झाली. तिला दाखवायला हवं, की बघ, तुझा बाप संध्याकाळपर्यंत जागा आहे, आता निर्धास्त हो. त्यानं पडद्याचा फोटो काढला आणि पाठवायला व्हॉट्सॲप उघडलं.

ॲप जागं झालं आणि फोन त्याच्या हातात थरथरायला लागला.

बापाक, कळा सुरू झाल्यात. बापाक, आम्ही निघतोय, तुम्ही रक्तपेढीत जा. बापाक, पोचलात का? हे सकाळचे, तो घरातून निघाल्यावर थोड्याच वेळातले. मग सेत्योचे. फोन उचला. कुठे आहात? फोन उचला. मधे मधे चुकलेल्या फोनांच्या लाल खुणा, वर सरकवता सरेनात. मग सेत्योचा एक, दुपारचा : मित्राला टपरीवर पाठवलं, तुम्ही प्लगपाशी पण नाही. मग : इस्पितळाच्या नंबरावरून नर्स तुम्हाला लावतेय, तो तरी घ्या. आणि शेवटी नुसतं : रक्त जातंय.

वार्सितो गाडीवर बसला. गाडीला किक बसेना, बटण दाबायचं सुचेना. ऑर्डरीचं ॲप टुणटुणलं तसा त्यानं फोन डिकीत कोंबला आणि सुटला.

इस्पितळाच्या बोळात सेत्यो बाकावर बसला होता. सासऱ्याला बघून तो उठला नाही, ओरडलाही नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

“मुलगा झाला,” तो म्हणाला. “बरा आहे.”

“आणि निंग?”

“जिवंत आहे. उंगारान गावच्या एक म्हाताऱ्या मास्तरीणबाई आल्या, त्यांनी दिलं रक्त. त्या सापडल्या दुपारी. तपासून यायला वेळ लागला.” सेत्यो आपल्या तळव्यांकडे बघत राहिला. “रक्त थांबेना, चढवायला हाताशी नाही. गर्भाची पिशवी काढावी लागली, बापाक. तिला आता पुन्हा मूल होणार नाही. अजून सांगितलं नाहीये तिला.”

वार्सितो भिंतीला टेकला. सकाळी पहिला निरोप मिळाला असता तर त्याचं रक्त दुपारी इथे, या बोळातून, काचेच्या दारापलीकडे गेलं असतं. हे गणित कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आयुष्यात एकदा त्याच्या अंगातली एक गोष्ट त्या पोरीच्या कामाची निघाली होती, आणि ती अंगातल्या अंगात घेऊन तो दिवसभर लोकांचे मासे पोचवत हिंडला होता. त्याला स्वतःची किळस आली. बोवोचा राग येईल म्हणून त्यानं वाट बघितली, पण तो आलाच नाही. फोन म्हणजे फोनच ना, हे त्यानं विचारलं होतं.

“मी तिला म्हटलं,” सेत्यो पुढे म्हणाला, “की तुझ्या बापाला मी आज सोडणार नाही. तर कळांमध्ये तळमळत असताना माझा हात धरून म्हणते, त्यांना बोलू नकोस, त्यांचा फोन दुपारी मरतोच. नवा घ्यायला त्यांच्याकडे नाही, माझ्याच लग्नात गेलं सगळं. वचन घेतलं माझ्याकडून.”

नर्सनं आत सोडलं तेव्हा निंग्रुमचे डोळे अर्धवट उघडे होते. चेहरा तांदळाच्या पिठासारखा पांढरा. शेजारच्या पाळण्यात गुंडाळलेलं पोर. तिनं हात थोडा उचलला, आणि वार्सितोनं तो दोन्ही हातांत घेतला. हात गार होता.

“आलात,” ती म्हणाली. “बघितलंत त्याला? नाक माझ्या आईसारखं आहे.”

त्यानं मान हलवली. तिचा हात त्यानं डोळ्यांना लावला.

“रडू नका ना, बापाक. मला माहितीये. बॅटरी गेली होती ना?”

उत्तर तिनं स्वतःच तयार करून ठेवलं होतं. त्यानं फक्त हो म्हणायचं होतं. सेत्यो दारात उभा होता, तोही तेच ऐकायला थांबला होता. हो म्हटलं असतं तर ती आयुष्यभर त्याची कीव करत राहिली असती, उद्या तिला सगळं कळल्यावरसुद्धा. नाक्यावर सगळ्यांनी मान डोलावली असती. पटण्यासारखंच होतं ते. त्यानं तोंड उघडलं, आणि या पोरीशी आपण कधी खोटं बोललो नाही, तिनं बापाक म्हणायला सुरुवात केली ती त्यामुळेच, हे त्याच्या मनात आलं.

“नव्हती गेली,” तो म्हणाला.

तिनं मान त्याच्याकडे वळवली.

“बॅटरी भरपूर होती, निंग. निरोप मला दिसले नाहीत, तो घोळ मी करून ठेवला. पण फोन वाजला होता. इथूनच लावला होता त्यांनी. दोनदा वाजला. मीच कापला.”

पाळण्यातलं पोर कुरकुरलं, नर्सनं ते उचललं. आपला हात निंग्रुमनं त्याच्या हातांतून काढून घेतला नाही. पण बोटांनी धरलं होतं ते सोडलं, आणि हात नुसताच त्याच्या तळव्यात पडून राहिला.