रुक्मिणीबाईंचा काळा-पांढरा फोटो

मी म्हैसूरच्या सरस्वतीपुरममधल्या एका घरातला, फोटो छापणारा प्रिंटर बोलतोय. बोलतोय म्हणजे काय, खिडकीपाशी टेबलावर पडून आतल्या आत पुटपुटतोय. शाई जिथून बाहेर पडते ती माझी बारीक छिद्रं एकेक करून सुकत चालली आहेत. सुकताना दुखत नाही. काहीच वाटत नाही.

माझा जन्म कुठल्यातरी परक्या देशातल्या कारखान्यात झाला. त्यातलं आठवतं ते एवढंच, की मला थर्माकोलमध्ये घट्ट बसवलं आणि अंधार झाला. पुन्हा उजेड दिसला तो म्हैसूरच्या दुकानात. तिथे तरुण नावाचा मुलगा आला. तो कडकोळच्या एका कारखान्यात मालातले दोष शोधायचं काम करतो आणि सुट्टीला फोटो काढतो, आणि छापतो ते फक्त काळे-पांढरे. दुकानदाराने त्याला आधी माझा धाकटा, स्वस्तातला भाऊबंद दाखवला. तरुण नको म्हणाला. तसला एक त्याच्या घरी होताच. तो बापडा निळी, गुलाबी, पिवळी शाई मिसळून राखाडी रंग जमवायचा आणि त्याचं गणित नेहमी चुकायचं. फोटोतली माणसं ट्यूबलाइटखाली हिरवी दिसायची आणि व्हरांड्यात नेली की गुलाबी. तरुणची आई रुक्मिणीबाई म्हणायच्या, की सगळ्यांवर शेवाळ चढलंय.

माझ्याकडे काळ्या, राखाडी आणि फिकट राखाडी शाईची कार्ट्रिजं वेगवेगळी आहेत. मला रंगांकडे उसनवारी करावी लागत नाही. थोडा गर्व होता मला त्याचा, खोटं कशाला बोलू. तरुणने माझ्यासाठी जाड सुती कागद आणला, कारण काळा रंग चकचकीत कागदापेक्षा त्याच्यावर गहिरा उतरतो. पहिला फोटो निघाला तेव्हा त्याचे वडील नागोजीराव एवढ्या सगळ्या राखाडीचं करायचं काय म्हणाले, आणि कागद पूर्ण बाहेर येईपर्यंत तिथेच उभे राहिले. आयुष्य रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये गेलेला माणूस, चालू यंत्रासमोरून त्यांचा पाय निघत नाही.

मला जपलं ते रुक्मिणीबाईंनी. जुन्या लुगड्याचा तुकडा माझ्यावर पांघरायच्या. गेल्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, स्कूटर, मिक्सर आणि मी, तिघांनाही कुंकू आणि झेंडू. त्याच दिवशी तरुणने दारात त्यांचा फोटो काढला. मागे झेंडूच्या माळा, अंगावर पिवळी साडी, सगळीकडे पिवळंच पिवळं. त्या मला बोलून दाखवायच्या नाहीत, पण आपला काळा-पांढरा फोटो त्यांना आवडत नसे. कुंकू काळं दिसतं, टिकली लावल्यासारखं, असं त्या तरुणला म्हणायच्या. म्हणून तो फोटो तेव्हा छापला गेला नाही.

संक्रांत यायच्या आत त्या गेल्या. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, यकृत फार दिवसांपासून बिघडलेलं होतं, आधी यायला हवं होतं.

त्यानंतर घरात आवाज राहिला नाही. रडणंसुद्धा फारसं झालं नाही. तरुण मोबाइल हातात घेऊन बसायचा आणि त्याचा पडदा काळा झाला तरी बघत राहायचा. नागोजीराव व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायचे. कुणी विचारलं तर हो म्हणायचे, नाही विचारलं तर तेही नाही.

तेराव्याला फोटो लागणार होता. तरुणने आयुधपूजेचा फोटो कॉम्प्युटरवर उघडला. रंगीत फोटोचा काळा-पांढरा करताना कुठला रंग किती उजळ दिसावा हे आधी ठरवावं लागतं. तरुणची एक ठरलेली सवय आहे. लाल आणि पिवळा उजळायचा, म्हणजे कातडी तुकतुकीत होते, डाग जातात, माणूस दहा वर्षांनी लहान दिसतो. हात सवयीने चालले, तो पडद्याकडे धड बघतसुद्धा नव्हता. मी छापलं. तसं देखणं काम माझ्या हातून पूर्वी झालं नव्हतं, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

तेराव्याला विजयनगरहून नागोजीरावांची थोरली बहीण भागीरथीबाई आली. फोटोला चंदनाचा हार घालायला हात वर केला आणि तशीच थांबली.

"कुंकुम कुठंय रे हिचं?" ती तरुणला म्हणाली. "मुत्तैदे होऊन गेली ती, सवाष्ण. असं मोकळं कपाळ कसं लावलंस पुट्टा?"

लाल उजळताना कुंकूही उजळून कातडीत मिसळून गेलं होतं. तरुणच्या ते लक्षातच आलं नव्हतं. जमलेले सगळे नागोजीरावांकडे बघायला लागले, कारण त्या कपाळाचा अर्थ असा होता, की नवरा आधी गेला.

नागोजीराव फोटोजवळ गेले. बराच वेळ बघून म्हणाले, "असू दे अक्का. मी तरी कुठं आहे?"

भागीरथीबाईने काचेवर बोटाने कुंकू लावलं. जेवणं झाली, माणसं गेली. तरुण तडक माझ्यासमोर येऊन बसला. अम्माला परत छापतो म्हणाला. या वेळी त्याने उलटं केलं, लाल आणि पिवळा गडद केला. पडद्यावर कपाळावर कुंकू आलं. तेवढंच बघून त्याने मला हुकूम सोडला. मी वरून खाली छापत आलो. कुंकू ठसठशीत उतरलं. मग डोळे.

डोळ्यांतला पांढरा भाग पांढरा नव्हता. राखाडी होता, मळकट, दोन्ही डोळ्यांत सारखाच. मी काही चुकलो नव्हतो. कागदावर जे आलं ते फोटोत होतंच. आयुधपूजेच्या दिवशी रुक्मिणीबाईंचे डोळे पिवळे झालेले होते. झेंडूच्या आणि साडीच्या पिवळ्यात ते कुणाला दिसलं नाही, आणि नंतर उजळलेल्या पिवळ्यात ते पुसूनच गेलं होतं.

तरुणने कागद उचलला. शाई ओली होती, त्याच्या अंगठ्याला लागली. तो व्हरांड्यात वडिलांकडे गेला. खिडकी उघडी होती, म्हणून मला ऐकू आलं.

"अप्पा, तुम्हाला दिसलं होतं?"

"हो."

"मग सांगितलं का नाही?"

"ती बेडा म्हणाली, नको म्हणाली. दसरा होऊ दे, तरुणची सुट्टी जाईल. दसरा झाल्यावर म्हणाली, दिवाळी होऊ दे." मग ते म्हणाले, "मी ऐकलं तिचं."

तरुण आत आला, चौकटीतून पहिला फोटो काढला आणि दुसरा घातला. आता भिंतीवर तोच आहे, कुंकवासकट आणि डोळ्यांसकट. मला वाटलं होतं आता कुणीतरी मोठ्याने रडेल. रात्रीचं जेवण वाढलं गेलं, ताटं उचलली गेली.

त्या दिवसापासून तरुणने कॅमेरा हातात घेतलेला नाही. मला मात्र नागोजीराव सुरू करतात. वापरला नाही तर प्रिंटर सुकतो, हे त्यांनी कधीतरी ऐकलेलं आहे. दर रविवारी येऊन ते माझं बटण दाबतात आणि मी तपासणीचं पान काढून देतो. त्यावर नुसत्या रेघा असतात. जे छिद्र सुकलं त्याची रेघ तुटते. ते पान उजेडात धरून बघतात, ठीक आहे म्हणतात आणि कपाटावर ठेवून देतात. ठीक नसतं. फिकट राखाडी तर जवळपास गेलीच आहे.

पान घ्यायला ते हात पुढे करतात तेव्हा मला त्यांची अंगठी दिसते. आधी ती बोटात रुतलेली असायची. हल्ली तिला आतून दोरा गुंडाळलेला आहे, गळून पडू नये म्हणून. गेल्या रविवारी दोरा आणखी जाड झाला होता.

तरुण, तुला माझं ऐकू येत नाही, तरी सांगतो. मला नवीन शाई भरू नकोस, भरलीस तरी माझं आता फार काही होणार नाही. कॅमेरा काढ, नाही काढलास तरी चालेल. अप्पा व्हरांड्यात बसले आहेत. दिवसाउजेडी त्यांच्यासमोर जाऊन बस आणि त्यांच्याकडे नीट बघ. मग विचारू नकोस, स्कूटरवर बसव आणि डॉक्टरकडे ने. विचारलंस तर ते म्हणतील, उगादी होऊ दे.