सहावा चमचा

त्या रविवारी चॅपलमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला कुणीच खोकलं नाही.

तीन आठवडे आमचा डोंगर राख ओकत होता. छपरांवर राख, मक्याच्या पानांवर राख, वेदीच्या पांढऱ्या कापडावर राख. सगळं गाव कोरडं खोकत होतं. आणि एकाएकी ही शांतता. भर दुपारी दिवे लावावे लागत होते, दोनशे माणसं दाटीने बसलेली, आणि एकाही घशातून आवाज नाही. मला बरं वाटायला हवं होतं. अंगावर काटा आला.

चमत्कार एलिसेओबुवाचा होता. चॅपलच्या अंगणात बाकावर चढून तो ओरडायचा, "खोकला हा रोग नाही, लेकरांनो! तुमच्या मेलेल्यांचे शब्द तुमच्या घशात अडकलेत. माझा मध त्यांना वाट करून देतो. नऊ दिवसांचं व्रत, रोज प्रार्थना आणि मध! पहिल्या दिवशी एक चमचा, दुसऱ्या दिवशी दोन, नवव्या दिवशी नऊ. सहाव्या दिवसाच्या सहाव्या चमच्याला तुमचं माणूस समोर उभं राहील!"

"माझी सासूपण येईल का हो?" रांगेतून एक बाई म्हणाली.

"येणारच!"

"मग मी पाचावर थांबते."

अंगण हसलं, पण रांग कुणी सोडली नाही. थडग्यांपाशी बसून मेलेल्यांना आठवायचा मृतांचा दिवस दोन आठवड्यांवर आला होता. घरोघर बाहुलीच्या आकाराचे पाव भाजायची तयारी चालली होती, आणि प्रत्येकाला कुणीतरी परत हवं होतं.

मी रोज सकाळी जपमाळ म्हणते, शुक्रवारी उपास धरते. नऊ दिवसांची प्रार्थना मला नवी नाही. मीही मध घेतला. दुसऱ्याच दिवशी खोकला थांबला. सहाव्या सकाळी चुलीपाशी आई दिसली. कणसाचे दाणे काढत बसली होती. हात तिचेच, चेहऱ्याच्या जागी मात्र काही नव्हतं. भिंत श्वास घेतल्यासारखी आतबाहेर होत होती. "आई" म्हटलं, तर माझा आवाज लांबून, दुसऱ्या कुणाच्या तोंडून आल्यासारखा आला.

मी घाबरले, पुढचे चमचे घेतले नाहीत. पण धाकट्या बहिणीला, सोइलाला, ते सांगितलं. ते माझं पाप.

सोइलाचा मुलगा फाबियान दोन वर्षांपूर्वी ट्रकखाली गेला. तेव्हापासून ती नैराश्याच्या गोळ्यांवर आहे. "न्यान्या," ती म्हणाली. आमच्याकडे बहिणीला अशीच हाक मारतात. "तुला आई दिसली, मग मला तो दिसेल ना गं?"

मीच तिला बाटली आणून दिली.

चौथ्या दुपारी शेजारीण मला बोलवायला धावत आली. सोइला घामाने निथळत होती, जबडा आवळलेला, पाय आपोआप झटके देत होते, अंग तव्यासारखं तापलेलं.

बुवा दारात येऊन उभा राहिला. "मुलगा शिरतोय अंगात! व्रत मोडू नका. उद्याचे पाच चमचे आत्ताच द्या."

शेजारणीने चमचा भरला आणि माझ्याकडे पाहिलं. "देऊ का, देल्फिना?"

आयुष्यात मी कधी घेतलेलं व्रत मोडलं नव्हतं. मी तो चमचा जमिनीवर ओतला. आम्ही दोघींनी सोइलाला उचलून चौकातल्या दवाखान्यात नेलं.

"काय घेतलंय हिने?" डॉक्टर नारांहोबाईंनी विचारलं.

"मध."

"कसला मध? बाटलीवर काहीच लिहिलेलं नाही."

"तो बाटल्या अशाच देतो."

"मग लिहिलेलं कुठे असेल ते शोधून आणा. पळा!"

मी चॅपलमागच्या बुवाच्या खोलीत घुसले. खोकी भरून औषधाच्या रिकाम्या बाटल्या, मधाचा एकच डबा, आणि कोपऱ्यात पाण्याची बादली. बादलीत भिजून सुटलेली लेबलं तरंगत होती, शेकडो. एक उचललं. "कोरड्या खोकल्यासाठी. दिलेल्या मापापेक्षा जास्त घेऊ नये. नैराश्याची औषधे घेणाऱ्यांनी घेऊ नये."

ते ओलं लेबल वाचून डॉक्टरबाईंनी सोइलाच्या गोळ्यांची चौकशी केली आणि लगेच तिला गाडीने शहरातल्या इस्पितळात पाठवलं.

दोन दिवसांनी डॉक्टरबाई ती लेबलांची बादली घेऊन चॅपलच्या अंगणात आल्या.

"देवाच्या कामात ढवळाढवळ!" बुवा गरजला.

"देवाचं काम तपासू या की," बाई म्हणाल्या. "प्रार्थना केली पण मध घेतला नाही, असं कोण आहे?"

म्हातारी एर्सिलिया उठली. "मी. मला साखरेचा आजार. नवव्या दिवसापर्यंत गुडघे झिजवले, कुणी आलं नाही बाई."

"आणि मध घेतला, पण प्रार्थना नाही?"

गाडीवान लुचोने हात वर केला. "मी नुसता खोकल्यासाठी, रोज एक चमचा वाढवत घेत होतो. सहाव्या दिवशी माझा मेलेला बैल आला. टोपी घालून."

हशा पिकला आणि मधेच विरला, कारण सगळ्यांना आपापलं माणूस आठवलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "हे औषध वाईट नाही. कोरडा खोकला झोपू देत नसेल तर मापाने घ्यायचं. कफ सुटत असेल तर नाही, लहान मुलांना नाही, दारूबरोबर नाही, नैराश्याच्या गोळ्यांबरोबर तर मुळीच नाही. सर्दीच्या दुसऱ्या गोळीत हेच आहे का, ते आधी पाहायचं. आठवड्यात थांबलं नाही, ताप आला, दम लागला, तर माझ्याकडे या. मापाबाहेर घेतलं की डोकं नसलेलं दाखवतं. तुम्ही सहावा दिवस देवाचा समजलात. तो मापाबाहेरचा दिवस होता."

बाईंनी बोलावलेल्या पोलिसांबरोबर बुवा गेला. मी घरी जाऊन चुलीकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. अजूनही दाणे पडल्याचा आवाज येतो असं वाटतं, आणि मी वळते.

सोइला वाचली. मृतांच्या दिवशी आम्ही फाबियानच्या थडग्यापाशी बसलो. तिने पावाची बाहुली मोडून अर्धी मला दिली.

"अजून दोन दिवस मध घेतला असता तर तो आला असता का?"

"नाही, न्यान्या. आईपण आली नव्हती."

तिने उरलेली अर्धी बाहुली थडग्यावर ठेवली. मग तिला राखेचा ठसका लागला, आणि तो कोरडा, जिता खोकला मी डोळे मिटून ऐकला.

माझी जपमाळ रोज चालू आहे. देवाने मला वाचायला डोळेही दिलेत, हे मात्र आता विसरत नाही. तुम्हीही श्रद्धा ठेवा, पण औषध मोजून घ्या. आणि ज्या बाटलीचं लेबल कुणी काढून टाकलंय, ती तोंडाला लावू नका.